वाचकांचे प्रश्न : पुळणीवरची काळी वाळू आणि तिच्यातील किरणोत्सार

समुद्रकिनाऱ्यावरील वाळूच्या नैसर्गिक किरणोत्साराविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत, परंतु विचारणाऱ्यांचा आशय बदललेला नाही.

प्रश्न : आमची शाळा रत्नागिरीत आहे. मांडवीच्या किनाऱ्याला येथे सर्वजण ‘काळा समुद्र’ म्हणतात. केरळातील चवरा येथील काळी वाळू किरणोत्सारी आहे, असे एका पाहुण्यांनी सांगितल्यापासून काही पालक मुलांना वाळूत खेळू देईनासे झाले आहेत. शाळेने लहानसा गायगर गणक विकत घेतला. त्याने पुळणीवर तासाला ०.१४ मायक्रोसीव्हर्ट दाखवले आणि वर्गात ०.११. म्हणजे आमची वाळू किरणोत्सारी आहे, असे समजायचे का? — एक विज्ञान शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : प्रथम वाळूचा रंग बाजूला ठेवू, कारण या साऱ्या गैरसमजाचे मूळ त्या रंगात आहे. चवरा, नींदकरा किंवा तमिळनाडूतील मनवलकुरिची येथील वाळूत किरणोत्सार येतो तो मुख्यतः मोनाझाइट या खनिजामुळे. सेरियम, लँथॅनम यांसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचे हे फॉस्फेट असून भारतीय मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइडचे प्रमाण साधारण ८ ते १० टक्के असते. पण हे खनिज काळे नसते. भिंगाखाली पाहिले तर त्याचे कण मधासारखे पिवळे किंवा पिवळसर तपकिरी, गुळगुळीत आणि गोलसर दिसतात. चवऱ्याची वाळू काळी दिसते ती इल्मेनाइट या लोह व टायटॅनियमच्या खनिजामुळे, आणि इल्मेनाइट स्वतः जवळजवळ किरणोत्सारी नसते. दोन्ही खनिजे जड असल्यामुळे लाटा त्यांना एकाच पट्ट्यात आणून टाकतात. आपण ज्यांना साधी पांढरी वाळू म्हणतो त्या क्वार्ट्झच्या कणांची घनता सुमारे २.६५ असते, इल्मेनाइटची ४.७ च्या आसपास आणि मोनाझाइटची ५ च्या आसपास. लाट परतताना हलके कण सोबत नेते आणि जड कण मागे राहतात.

आता प्रश्न असा, की रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटच्या जोडीला मोनाझाइट येणार कुठून? केरळच्या किनाऱ्यामागे चार्नोकाइट, खोंडालाइट, ग्नाइस असे अतिप्राचीन खडक आहेत आणि मोनाझाइट त्यांच्यातून सुटून नद्यांवाटे समुद्राला मिळते. रत्नागिरीच्या मागे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यावर जांभा आहे. काजळी नदी भाट्याच्या खाडीत जे आणून टाकते ते याच खडकांचे चूर्ण असते. बेसॉल्टमधून इल्मेनाइट मिळते, मॅग्नेटाइट मिळते, ऑजाइट मिळते. मोनाझाइट हे त्याचे खनिजच नव्हे. काळबादेवी, मिऱ्या, रत्नागिरी या उपसागरांतील इल्मेनाइटचा अभ्यास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पूर्वीपासून केलेला आहे आणि तेथील साठ्याचे महत्त्व टायटॅनियमसाठी सांगितले जाते, थोरियमसाठी नव्हे. सर्वसाधारण बेसॉल्टमध्ये दर किलोग्रॅमला थोरियम सुमारे १० ते १५ बेकरेल आणि युरेनियम ७ ते १० बेकरेल इतकेच असते. बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणुकेंद्राचा ऱ्हास. जगभरच्या सामान्य मातीचे मध्यक याहून बरेच जास्त, म्हणजे थोरियमचे ३० आणि युरेनियमचे ३५ बेकरेल आहे. तेव्हा मांडवीच्या पुळणीवर खेळणारे मूल बहुधा ग्रॅनाइटच्या प्रदेशात अंगणात खेळणाऱ्या मुलापेक्षा कमी किरणोत्सारात असते.

आपल्या गणकाच्या आकड्यांविषयी बोलायचे तर (मायक्रोसीव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे माप) ०.११ आणि ०.१४ यांत फरक आहे असे इतक्यावरून म्हणता येत नाही. लहान नळीच्या गणकात सामान्य परिसरात मिनिटाला साधारण २० ठोके पडतात. ऱ्हास ही यदृच्छेने घडणारी क्रिया असल्यामुळे मोजलेल्या संख्येतील अनिश्चितता तिच्या वर्गमुळाइतकी असते. २० चे वर्गमूळ जवळपास ४.५, म्हणजे एका मिनिटाचे मोजमाप सहज २२ टक्क्यांनी इकडेतिकडे होते. तेच ३० मिनिटे मोजले तर ६०० ठोके मिळतात आणि अनिश्चितता ४ टक्क्यांवर येते. मुलांकडून गणक जमिनीपासून एक मीटर उंचीवर, दोन्ही ठिकाणी प्रत्येकी अर्धा तास मोजून घ्या आणि पडद्यावरचा मायक्रोसीव्हर्टचा आकडा न लिहिता ठोक्यांची एकूण संख्या लिहून ठेवा. या ठोक्यांत अवकाशातून येणाऱ्या किरणांचाही वाटा असतो, समुद्रसपाटीला तो तासाला सुमारे ०.०३ मायक्रोसीव्हर्ट असतो आणि वाळूशी त्याचा काही संबंध नसतो, हेही त्यांना सांगावे.

एक प्रयोग मात्र अवश्य करून दाखवा. मांडवीची मूठभर वाळू उन्हात कोरडी करून कागदावर पातळ पसरायची आणि दुसऱ्या कागदात गुंडाळलेला लोहचुंबक तिच्यावरून फिरवायचा. मॅग्नेटाइटचे कण टुणकन उडी मारून दाढीसारखे चिकटतात. चुंबक जोरदार असेल, जुन्या ध्वनिवर्धकातला असतो तसा, तर इल्मेनाइटचे कणही सरपटत त्याच्याकडे येऊ लागतात. उरलेल्या ढिगात शंखशिंपल्यांचा चुरा आणि हिरवट-काळे ऑजाइट दिसते. काळा रंग कशाचा, हे मुलांना यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : मग रत्नागिरीचे हे उत्तर आमच्या वेंगुर्ल्यालाही लागू समजायचे का? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. दक्षिण सिंधुदुर्गात काळ्या कातळाचे आवरण संपत जाते आणि त्याखालचे जुने ग्रॅनाइटी ग्नाइस व क्वार्टझाइट उघडे पडतात. नदीमागचा खडक बदलला की पुळणीतली खनिजेही बदलतात. ग्रॅनाइटात थोरियम, युरेनियम आणि विशेषतः पोटॅशियम बेसॉल्टपेक्षा कितीतरी जास्त असते. याचा अर्थ आपल्याकडे धोका आहे असा मुळीच नाही. रत्नागिरीचा अंदाज आपल्याकडे चालणार नाही, मोजूनच सांगावे लागेल, एवढाच.

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी किनाऱ्यावरील वाळूचे नमुने घेऊन त्यांतील रेडियम, थोरियम व पोटॅशियम मोजणार आहे. नमुने डब्यात बंद करून महिनाभर ठेवा, असे मार्गदर्शक सांगतात. हाताशी वेळ थोडा आहे. लगेच मोजले तर नेमके काय बिघडते? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बिघडतो तो रेडियमचा आकडा, आणि तो नेहमी कमी दाखवण्याच्या बाजूला बिघडतो. रेडियम-२२६ स्वतः देत असलेला गॅमा किरण क्षीण आणि अडचणीच्या जागी असल्यामुळे आपण त्याला थेट मोजत नाही. त्याच्या वंशातील, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून पुढे क्रमाने तयार होणाऱ्या, शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांच्या किरणांवरून त्याचे प्रमाण ठरवतो. पण या वंशावळीत मध्येच रेडॉन-२२२ हा वायू येतो. वाळू वाळवताना, चाळताना, ओतताना कणांच्या पृष्ठभागाजवळचा रेडॉन निसटून जातो आणि त्याच्या पुढची पिढी तेवढ्या प्रमाणात घटते. डबा हवाबंद केला की वायू आत साठू लागतो आणि काही काळाने रेडियम व बिस्मथ यांची सक्रियता, म्हणजे सेकंदाला होणारे ऱ्हास, सारखी होते. रेडॉनचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, ३.८२ दिवसांचे आहे. ७ अर्धायुष्ये, म्हणजे सुमारे २७ दिवस, गेल्यावर सुरुवातीच्या तुटीपैकी १ टक्क्याहूनही कमी तूट शिल्लक राहते. दहाव्या दिवशी मोजले तर १६ टक्के शिल्लक असते. चार आठवड्यांची प्रथा इथून आली आहे.

मात्र महिनाभर ठेवणे आणि महिनाभर हवाबंद ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या सुरुवातीच्या काळात मी बारा डबे नुसते फिरकीचे झाकण लावून ठेवले होते. महिन्यानंतर थोरियमचे आकडे जुळले, पोटॅशियमचे जुळले, पण रेडियमचे आकडे एकाच ठिकाणच्या जोडनमुन्यांतही जुळेनात. झाकणाच्या आट्यांतून वायू झिरपत होता. तो सगळा महिना वाया गेला आणि झाकणाच्या कडेला इपॉक्सी भरून वर चिकटपट्टीचे तीन वेढे देण्याची सवय मला तेव्हापासून लागली. आपणही प्रत्येक ठिकाणचे दोन डबे करा. ते एकमेकांची साक्ष देतात.

थोरियमच्या वंशात हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथल्या रेडॉन-२२० चे अर्धायुष्य जेमतेम ५६ सेकंद आहे आणि तो कणाबाहेर पडून दूर जाण्याआधीच संपतो. तिथे ॲक्टिनियम-२२८ चा ९११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे किरणाच्या ऊर्जेचे एकक) आणि थॅलियम-२०८ चा २,६१४ चा किरण पाहावा. थॅलियमच्या शाखेत केवळ ३६ टक्के ऱ्हास जातात, ती दुरुस्ती केल्यावर दोन्ही वाटांनी सारखाच आकडा आला तर मोजमापावर भरवसा ठेवता येतो. पोटॅशियम-४० चा १,४६१ चा किरण एकटाच असतो, पण प्रयोगशाळेच्या भिंतींतही पोटॅशियम असतेच. म्हणून तसाच रिकामा डबा, तितकाच वेळ, त्याच शिशाच्या कवचात मोजून तो आकडा वजा करावा लागतो. किनाऱ्याच्या शिंपल्यांच्या वाळूत पोटॅशियम इतके कमी असू शकते, की ही वजाबाकी ढिलाईने केली तर उरलेली संख्या वाळूची नसून भिंतीची असते.

शोधक कोणता वापरायचा हे आपल्या विभागात काय आहे त्यावर ठरेल. सोडियम आयोडाइडचा स्फटिक स्वस्त आणि संवेदनशील असतो, पण त्याची शिखरे, म्हणजे आलेखात प्रत्येक किरणाच्या ऊर्जेपाशी येणारे उंचवटे, रुंद येतात. ५८३ चा थॅलियमचा आणि ६०९ चा बिस्मथचा किरण तो एकमेकांत मिसळून टाकतो. त्यामुळे त्यावर १,४६१, १,७६५ आणि २,६१४ या वरच्या, मोकळ्या शिखरांवर काम करावे. उच्च शुद्धतेचा जर्मेनियम शोधक हीच दोन शिखरे सुयांसारखी वेगळी दाखवतो, मात्र त्याला उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनने किंवा तत्सम यंत्रणेने सतत थंड ठेवावे लागते. शोधक कोणताही असो, प्रमाणित नमुना वाळूच्याच आकारमानाच्या डब्यात आणि शक्यतो तिच्याच घनतेचा घ्या. २५० मिलिलीटरच्या डब्यात पांढरी वाळू सुमारे ४०० ग्रॅम मावते, तर इल्मेनाइटची काळी वाळू ६०० ग्रॅमच्या वर जाते. इतकी जड वाळू कमी ऊर्जेचे किरण स्वतःच गिळते आणि ही दुरुस्ती विसरली तर सर्वात काळ्या नमुन्याचाच आकडा सर्वात खोटा येतो.

आपण विचारलेले नाही, तरी नमुना घेण्याविषयी लिहितो, कारण सर्वात मोठ्या चुका प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वीच होऊन गेलेल्या असतात. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड खनिजांचा पट्टा उघडा पडतो. हिवाळ्यात तीच हलकी वाळू परत येऊन त्याला झाकून टाकते. त्यामुळे एकाच पुळणीवर ऑगस्टात आणि फेब्रुवारीत घेतलेले नमुने दोन वेगळ्या गावांचे वाटावेत इतके निराळे असू शकतात. ओहोटीच्या रेषेपासून सुरूच्या झाडांपर्यंत एक सरळ रेषा धरून ठरावीक अंतरावर नमुने घ्या, प्रत्येक जागी वरचा ५ सेंटिमीटरचा थर घ्या आणि जागा, दिनांक, भरती-ओहोटीची वेळ तिथल्या तिथे लिहा. जिथे काळा पट्टा आकर्षक दिसतो तिथलीच वाळू उचलण्याचा मोह टाळा. वाळूची रास करून तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकायचे, असे करत एक किलोपर्यंत या. मग १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, चाळून, वजन करून डबे बंद करा. वेळ वाचवायचा असेल तर तो वाट पाहण्याच्या काळात वाचवा: त्या चार आठवड्यांत भिंगाखाली खनिजे ओळखण्याचे आणि रिकाम्या डब्याच्या मोजणीचे काम होऊन जाते.

प्रश्न : एका लेखात ‘रेडियम समतुल्य सक्रियता ३७० च्या आत असल्यामुळे वाळू सुरक्षित आहे’ असे वाचले. हा आकडा कसा काढतात आणि तो कशासाठी आहे? — एक निवृत्त अभियंता, डोंबिवली

उत्तर : तीन मूलद्रव्यांचे गॅमा किरण सारख्या ताकदीचे नसल्यामुळे त्यांचे बेकरेल सरळ मिळवता येत नाहीत. म्हणून थोरियमला १.४३ ने आणि पोटॅशियमला ०.०७७ ने गुणून रेडियममध्ये मिळवतात. समजा, एखाद्या वाळूत दर किलोग्रॅमला रेडियम १०, थोरियम १५ आणि पोटॅशियम २०० बेकरेल आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. तिची बेरीज सुमारे ४७ येते. जगाच्या मातीचे मध्यक, म्हणजे ३५, ३० आणि ४००, घातले तर सुमारे १०९ येते. दर किलोग्रॅमला ३७० बेकरेल ही मर्यादा बांधकामाच्या साहित्यासाठी सुचवलेली आहे, म्हणजे माणूस ज्या भिंतींच्या आत दिवसाचे बहुतेक तास काढतो त्यांच्यासाठी. ती पुळणीला लावून ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ असा शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. संशोधनलेखांतही हे सर्रास होते, याचे वाईट वाटते.

पुळणीसाठी हवेतील मात्रेचा दर काढणे अधिक सयुक्तिक. त्यासाठी गुणक ०.४६२, ०.६०४ आणि ०.०४१७ असे आहेत. वरच्या उदाहरणात तासाला २२ नॅनोग्रे येतात (ग्रे हे शोषलेल्या किरण-ऊर्जेचे माप). जगाच्या मध्यकांवरून हीच रीत लावली तर सुमारे ५१ येतात. वर्षातला पाचवा हिस्सा वेळ बाहेर, आणि तोही सगळा त्याच वाळूवर, असे धरले तरी उदाहरणातल्या वाळूपासून वर्षाला ०.०२७ मिलिसीव्हर्ट मिळतात. नैसर्गिक स्रोतांपासून माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच, त्यापुढे हा आकडा ठेवून पाहावा. उलट बाजूने पाहायचे तर वाळूत वजनाने केवळ १ टक्का मोनाझाइट असले तरी थोरियम किलोग्रॅमला ३,००० बेकरेलच्या घरात जाते, म्हणजे जगाच्या मध्यकाच्या शंभरपट, आणि मात्रेचा दर तासाला १,८०० नॅनोग्रेवर पोहोचतो.

प्रश्न : माझ्या मुलीला कोल्लम जिल्ह्यात नोकरी मिळाली आहे. करुनागप्पळ्ळीजवळ घर घेण्याचा तिचा विचार आहे. तिथल्या किरणोत्साराविषयी वाचून झोप लागत नाही. — एक आई, ठाणे

उत्तर : आपली काळजी स्वाभाविक आहे. तिला आकड्यांनीच उत्तर द्यावे असे मला वाटते, कारण या भागाइतका बारकाईने अभ्यासलेला भूभाग जगात क्वचितच असेल. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने करुनागप्पळ्ळीत घरोघरी जाऊन मोजमापे घेतली आणि कर्करोगाची नोंदवही ठेवली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात ३० ते ८४ वर्षे वयाच्या सुमारे ७० हजार रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेतलेला होता. त्या काळात कर्करोगाचे १,३७९ रुग्ण आढळले. पण ज्यांना जास्त मात्रा मिळाली त्यांच्यात कर्करोग अधिक, असा संबंध दिसला नाही. यातून शून्य धोका सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही. फार लहान वाढ असेल तर इतक्या लोकसंख्येतही ती नजरेआड राहू शकते आणि किरणसंरक्षणाचे नियम सावधगिरी म्हणून धोका मात्रेच्या प्रमाणात असतो असेच धरून चालतात.

मोनाझाइटचा पट्टा किनाऱ्याला लागून आणि अरुंद आहे. काही किलोमीटर आत गेले की पातळी झपाट्याने उतरते. एकाच गावात दोन घरांमध्येही मोठा फरक पडतो. जमीन सारवलेली आहे की काँक्रीटची, भरावाला कोणती वाळू वापरली आहे, यावर तो अवलंबून असतो. मुलीला घर घेण्यापूर्वी एखाद्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाकडून खोल्यांतील मात्रेचा दर मोजून घ्यायला सांगा आणि निवड असेल तर किनाऱ्यापासून आतले, हवेशीर घर घेऊ द्या. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी कुटुंबे राहत आहेत. आपल्या मुलीने ती नोकरी भीतीने सोडावी, असे मला त्या आकड्यांत काही दिसत नाही.

प्रश्न : केरळच्या सहलीतून आणलेली काळी वाळू काचेच्या बाटलीत दिवाणखान्यात ठेवली आहे. ती घरात असू द्यावी का? शिवाय मोबाइलवरचे ॲप तिचा किरणोत्सार मोजू शकेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पाव किलो वाळूच्या बंद बाटलीपासून दोन हातांवर बसणाऱ्या माणसाला मिळणारी मात्रा नगण्य असते. ती उघडून मुलांच्या हाती देऊ नये, कारण बारीक धूळ श्वासावाटे आत जाणे हेच टाळायचे असते. ती आणायला मात्र नको होती. मोनाझाइट हा अणुऊर्जा कायद्याखालील विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणाखालचा, पदार्थ आहे, त्यामुळे अशी वाळू आठवण म्हणून उचलून आणण्याची वस्तू नव्हे. या वाळूची ओळख जगाला झाली तीही अशीच नकळत प्रवासाला निघालेल्या कणांवरून: १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले आणि पुढे तिथले थोरियम गॅसबत्तीच्या मॅंटलसाठी (उजळणाऱ्या जाळीसाठी) युरोपात जाऊ लागले. वरातीत डोक्यावर धरलेल्या गॅसबत्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी तो पांढराशुभ्र प्रकाश पाहिला आहे.

मोबाइलच्या ॲपमध्ये कॅमेऱ्यावर काळी पट्टी लावून त्याच्या संवेदकावर उठणारे पांढरे ठिपके मोजतात. संवेदक अगदी लहान असल्यामुळे तीव्र किरणस्रोताजवळच ते काही दाखवू शकते. आपल्या बाटलीजवळ दिसणारे ठिपके बहुतेक मोबाइल तापल्यामुळे उठलेले असतील. एखाद्या महाविद्यालयात सोडियम आयोडाइडचा शोधक असेल तर बाटली न उघडता तिथे न्यावी. बाटलीत खरोखर मोनाझाइट असेल तर थोरियमच्या वंशातील थॅलियमचे २,६१४ चे शिखर काही मिनिटांतच पडद्यावर वर येईल.